बडोद्यातल्या घराची पावसाळी तयारी: आधी पुराची खूण, मग बाकी सगळं

बडोद्यात पावसाळ्याची तयारी म्हणजे दोन निरनिराळ्या संकटांची तयारी. मे-जूनमधलं वादळ वाऱ्याचं असतं. धूळ उठते, पंधरा-वीस मिनिटांत पत्रे, फांद्या, फलक खाली येतात आणि पाऊस त्या मानाने थोडाच पडतो. जुलै ते सप्टेंबरमधलं संकट पाण्याचं असतं, आणि ते पुष्कळदा पाऊस उघडल्यावर दारात येतं. विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून निघते. वरच्या अंगाला आजवा आणि प्रतापपुरा ही सरोवरं आहेत. तिकडे पडलेलं पाणी शहरात पोचायला काही तास लागतात. ऑगस्ट २०२४ मध्ये जन्माष्टमीच्या सुमारास नदी ३४ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी २६ फूट आहे. त्या वेळी पावसाचा जोर कमी झाला तरी सोसायट्यांमधलं पाणी लगेच हटलं नव्हतं. म्हणून आभाळ मोकळं दिसलं की माळ्यावर चढवलेलं सामान खाली आणायची घाई करायची नाही. नदीचा आकडा उतरू लागल्यावरच ते आणायचं.

पहिलं काम: भिंतीवर रेषा

बाकी सगळी तयारी एका आकड्यावर उभी आहे: तुमच्या घराच्या फरशीपासून पुराचं पाणी किती वर येतं. अंदाज नको, नक्की आकडा हवा. २०२४ ची खूण अजून बऱ्याच ठिकाणी सापडते: कंपाउंडच्या भिंतीच्या आतल्या बाजूला, मीटरच्या पेटीत, पंपाच्या स्टार्टरच्या डब्यात वाळलेल्या गाळाची रेघ असते. तुमच्याकडे रंगकाम झालं असेल तर शेजारच्या भिंतीवर बघा किंवा सोसायटीतल्या जुन्या रहिवाशांना विचारा.

ती खूण घरात आणायला कडियाकडे, म्हणजे गवंड्याकडे असते ती पारदर्शक लेव्हल नळी पुरते. अर्धा इंची, दहा-पंधरा मीटर लांब. नळीत पाणी भरून बुडबुडे पूर्ण काढा, कारण एक बुडबुडा अडकला तरी माप चुकतं. पाण्यात थोडी निळी शाई घातली की पातळी स्पष्ट दिसते. एक टोक बाहेरच्या खुणेला धरा, दुसरं घरातल्या भिंतीला. दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीत राहतं. तिथे ऑईल पेंटने रेघ मारा आणि तिच्या एक फूट वर दुसरी. वरची रेघ ही तुमची कामाची रेघ. वीज, बॅटरी, कागदपत्रं, धान्य, काहीही असो, ते तिच्या वर असलं पाहिजे.

२०२५ च्या उन्हाळ्यात नदीपात्र खोदून रुंद केलं आहे. त्याने फरक पडेल, पण त्या भरवशावर रेघ खाली आणू नका. ३१ जुलै २०१९ ला शहरावर एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला होता. असा पाऊस थेट डोक्यावर पडला तर नदी कितीही रुंद असो, गटारं तुंबणारच.

आता निर्णय. पुराची खूण फरशीच्या खाली किंवा दोन फुटांपर्यंत वर असेल तर पाणी बाहेर अडवण्यात अर्थ आहे. दोन-अडीच फुटांच्या वर असेल तर अडवायचा नाद सोडा आणि सगळे पैसे सामान वर चढवण्यावर खर्च करा. कारण साधं आहे: पाण्याची उंची दुप्पट झाली की दारावरचा एकूण रेटा चौपट होतो. तीन फूट रुंद दारावर बाहेर एक फूट पाणी असेल तर सुमारे ४० किलोचा रेटा बसतो; तीन फूट पाणी असेल तर साडेतीनशे किलोच्या वर. तेवढा रेटा दार, चौकट किंवा अर्ध्या विटेची भिंत पेलत नाही. भिंत ढासळण्यापेक्षा पाणी आत आलेलं परवडतं. आत-बाहेर पातळी सारखी झाली की भिंतीवरचा रेटा जवळजवळ संपतो.

पाणी आधी मोरीतून येतं

लोक दारावर वाळूच्या गोण्या रचतात आणि तासाभरात संडासातून काळं पाणी वर येतं. नदी चढली की गटाराची तोंडं पाण्याखाली जातात, मुख्य लाईन तुंबते आणि पाणी उलटं फिरतं. ते कुठे बाहेर पडणार हे आधीच सांगता येतं. रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण आणि तुमच्या मोरीतल्या जाळीची उंची यांची लेव्हल नळीने तुलना करा. जाळी झाकणापेक्षा वर असेल तर तुंबलेलं पाणी आधी रस्त्यावर सांडेल आणि तुम्हाला थोडा वेळ मिळेल. जाळी खाली असेल तर रस्ता कोरडा असतानाही घरात घाण पाणी येईल. रस्ते थरावर थर चढवून उंच केलेत अशा जुन्या सोसायट्यांमध्ये बहुतेक घरं या दुसऱ्या प्रकारातली आहेत.

यावर पक्का उपाय एकच: घराचा शेवटचा चेंबर आणि महापालिकेची लाईन यांच्या मधल्या आडव्या पाईपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप बसवणं. घरगुती लाईनला ११० मिलिमीटरचा पीव्हीसी व्हॉल्व चालतो. चार-सहा घरांची एक लाईन असेल तर १६० चा. तो मातीत पुरून टाकायचा नाही. वर झाकण उघडता येईल असा छोटा चेंबर बांधून त्यात बसवायचा, बाण रस्त्याच्या दिशेने. दर मे महिन्यात झाकण उघडून आतली झडप हाताने हलवून बघा. केस, प्लास्टिक, तेलाचा थर साचला की झडप अर्धी उघडी राहते, आणि अर्धी उघडी झडप म्हणजे नसल्यातच जमा. रबरी रिंग कडक झाली असेल तर बदला.

व्हॉल्व बसवूनही पाणी आलं अशी तक्रार पुष्कळ ऐकू येते. बहुतेक वेळा त्यामागे दोनच कारणं निघतात. एक, गच्चीचा पावसाळी पाईप घराच्याच ड्रेनेज चेंबरमध्ये सोडलेला असतो. पूर आला, झडप बंद झाली, पण गच्चीवरचं पाणी चेंबरमध्ये येतच राहिलं. बाहेर जायला वाट नाही, मग ते तुमच्याच मोरीतून वर येतं. हजार चौरस फूट गच्चीवर एक इंच पाऊस पडला तर ते सुमारे २,३५० लिटर पाणी होतं, म्हणजे ही किरकोळ गळती नव्हे. पावसाळी पाईप ड्रेनेजमधून काढून अंगणात किंवा पावसाळी गटारात सोडा. दुसरं कारण म्हणजे वरच्या मजल्यावरची माणसं. झडप बंद असताना वर कोणी अंघोळ केली, फ्लश ओढला, की ते पाणी खालच्या मोरीत येणार. पूर असेपर्यंत घरात एक थेंबही ड्रेनेजमध्ये सोडायचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा. झाकणाची बादली आणि लाकडाचा भुसा किंवा राख यावर दोन दिवस निभतात.

व्हॉल्व बसवणं जमलं नसेल तर तात्पुरती बुचं आणून ठेवा. प्लंबिंगच्या दुकानात पाईप टेस्ट करायचे रबरी प्लग मिळतात. मधला पंखेरी नट फिरवला की रबर फुगून पाईपला घट्ट बसतं. मोरीच्या जाळीखालचा व्यास मोजूनच घ्या, तीन इंची आणि चार इंची असे दोन प्रकार लागतात. कमोडसाठी आठ-दहा किलो ओली वाळू दुहेरी जाड पिशवीत भरून भांड्यात नीट दाबून बसवा आणि झाकणावर वजन ठेवा. वॉशिंग मशीनचा आउटलेट आणि खालच्या मजल्यावरचं सिंक विसरू नका. जिथून हवा जाते तिथून पाणीही येतं.

वीज

तळमजल्याची आणि वरच्या मजल्याची लाईन वेगळ्या एमसीबीवर नसेल तर या उन्हाळ्यात करून घ्या. मग खाली पाणी असतानाही इलेक्ट्रिशियनच्या सल्ल्याने खालचा भाग बंद ठेवून वर पंखा चालू ठेवता येतो. तळमजल्याचा मुख्य बोर्ड वरच्या रेघेच्या वर हवा. जमिनीपासून फूटभरावरचे प्लग पॉइंट चार फुटांवर घेतले तरी घर वाईट दिसत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) सगळ्या घराला असावा आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघावं. दाबल्यावर पडत नसेल तर तो निकामी आहे. मीटर खाली असेल तर स्वतः हात लावू नका. एमजीव्हीसीएल या वीज कंपनीकडे मीटर वर घेण्याचा अर्ज पावसाळ्याआधी करा.

सगळ्यात घातक गोष्ट इन्व्हर्टरची. मेन स्विच पाडला की घर मेलं असं समजून लोक पाण्यात उतरतात, पण इन्व्हर्टरची लाईन जिवंतच असते. पाणी चढायच्या आधी हा क्रम पाळा: मेन बंद, इन्व्हर्टर बंद, मग बॅटरीची आधी निगेटिव्ह तार सोडायची आणि नंतर पॉझिटिव्ह. परत जोडताना उलट, आधी पॉझिटिव्ह. १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी ५०-६० किलो भरते. दोघांनी उचला, आडवी करू नका, आतलं ॲसिड सांडतं. जिन्याखालची बॅटरीची ट्रॉली हीच बडोद्यातल्या घरांमधली सगळ्यात चुकीची जागा आहे. नवीन इन्व्हर्टर घेतलात तर पहिल्या मजल्यावरच्या हवेशीर जागेत बसवा.

गच्चीवर सोलर असेल तर हे लक्षात ठेवा की ग्रिडला जोडलेली सोलर यंत्रणा वीजपुरवठा बंद पडला की स्वतःही थांबते. पुरात तिचा उपयोग होत नाही. मात्र पॅनलपासून खाली येणाऱ्या डीसी तारांमध्ये ऊन असेपर्यंत विजेचा दाब असतोच. सोलर इन्व्हर्टर तळमजल्यावर असेल तर आधी एसी आयसोलेटर (जोडणी तोडणारा स्विच), मग डीसी आयसोलेटर बंद करा. अपार्टमेंटमध्ये लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर नेऊन वीज बंद करा. खालचा खड्डा सगळ्यात आधी भरतो.

दारावरचा अडसर

दोन फुटांपर्यंत पाणी येणाऱ्या घरांना फळी हा गोण्यांपेक्षा चांगला उपाय आहे. १८ मिलिमीटरची वॉटरप्रूफ प्लाय, दोन फूट उंच, दाराच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच रुंद. ती चौकटीच्या बाहेरच्या बाजूला बसली पाहिजे, म्हणजे पाण्याचा रेटाच तिला भिंतीवर दाबून धरतो. दोन्ही बाजूंच्या भिंतीला लोखंडी अँगलची खाच पक्की करा. फळी वरून सरकवायची. कडांना आणि तळाला १०-१२ मिलिमीटरची मऊ रबरी पट्टी चिकटवा. तळ ही नेहमीची गळतीची जागा, कारण उंबऱ्यासमोरची फरशी कधीच सपाट नसते. तिथे सिमेंटची गुळगुळीत पट्टी करून घ्या. फळीच्या खालच्या तिसऱ्या भागात आडवी लाकडी पट्टी ठोका, नाहीतर प्लाय मधे वाकते आणि कोपऱ्यातून पाणी येतं. थोडं झिरपेलच. त्यासाठी सुपडी, बादली आणि फडकी हाताशी ठेवा.

गोण्याच वापरणार असाल तर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या चालतील. त्या अर्ध्या ते दोन-तृतीयांश भरा, गच्च भरू नका. गच्च गोणी दगडासारखी पडते आणि दोन गोण्यांच्या मधून पाणी सरळ आत येतं. सैल गोणी पसरून फट बुजवते. आत ओरसंगची किंवा कोणतीही नदीची वाळू भरा. अंगणातली काळी माती नको, भिजली की चिखल होऊन गोणीतून निसटते. आधी जाड ताडपत्री दारावर दीड-दोन फूट चढवून बाहेर जमिनीवर तीन फूट पसरा, मग तिच्यावर विटांसारख्या सांधे मोडत गोण्या रचा आणि प्रत्येक थर पायाने दाबा. तीन फूट दार, एक फूट उंची यासाठी पंधरा-वीस गोण्या लागतात. एसीच्या ड्रेनचं भोक, केबलची भोकं, मागच्या दाराची फट हे सगळं सिलिकॉनने किंवा सिमेंटने बंद केलं नसेल तर पुढच्या दारावरची मेहनत फुकट.

कंपाउंडच्या भिंतीला मात्र उलटा न्याय. तिच्या तळाला दर पाच-सहा फुटांवर चार इंची पाईपची भोकं ठेवा आणि त्यांना लोखंडी जाळी लावा. पाणी एकाच बाजूला साचलं तर साडेचार इंची भिंत आडवी होते, आणि शेजारी मूल किंवा गाडी असली तर काय होईल ते सांगायला नको.

टाक्या आणि गॅस

भूमिगत टाकीचं झाकण अंगणाच्या पातळीत असेल तर पहिल्याच पुरात गटाराचं पाणी आत जातं. तोंड वीट-सिमेंटने दीड-दोन फूट वर घ्या, झाकणाला रबरी रिंग लावा. ओव्हरफ्लो आणि हवेचा पाईपही वर न्या. झाकण घट्ट केलं पण ओव्हरफ्लो खालीच राहिला, ही चूक फार सर्रास होते. पूर येण्याआधी टाकी पूर्ण भरून ठेवा. प्लास्टिकची पुरलेली टाकी रिकामी असली तर भोवतालची ओली माती तिला वर उचलते, तडे जातात आणि पाईप तुटतात.

गच्चीवरच्या टाकीलाही हेच, पण वाऱ्यासाठी. हजार लिटरची रिकामी टाकी वादळात उडते. भरलेली एक टनाची असते. वाऱ्याचा इशारा आला की मोटार लावा. पूर असताना वीज दोन-तीन दिवस नसणं २०२४ मध्ये अनेक वस्त्यांनी अनुभवलं. तेव्हा गच्चीवरचं पाणीच उपयोगी पडतं. पिण्याचं पाणी वेगळं भरा: माणशी रोज चार लिटर, चार दिवसांचं. चौघांच्या घराला साठ-पासष्ट लिटर.

गॅसचा भरलेला सिलिंडरही पाण्यावर तरंगतो. एकूण वजन सुमारे ३० किलो आणि तो जेवढं पाणी बाजूला सारतो त्याचं वजन त्याहून जास्त. तरंगू लागला की नळी ओढली जाते. रेग्युलेटर काढून, टोपी लावून, सिलिंडर उभा ठेवून साखळीने खिडकीच्या गजाला बांधा, किंवा वर न्या. पाईपचा गॅस असेल तर घराबाहेरचा मुख्य व्हॉल्व कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. फ्रिजही तरंगून आडवा पडतो. रिकामा करा, दारं दोरीने बांधा, शक्य तर भक्कम टेबलावर चढवा.

गच्ची आणि पत्रे

मे महिन्यात गच्चीवर प्रत्येक तोटीपाशी दोन बादल्या पाणी ओता आणि किती वेळात जातं ते बघा. रेंगाळलं तर पाईपमध्ये पानं, कबुतरांची घरटी किंवा जुन्या कामाचं सिमेंट अडकलंय. साधारण चारशे-पाचशे चौरस फुटांना एक चार इंची पाईप हवा. तोंडावर सपाट जाळी नको, घुमटाकृती लावा. सपाट जाळी दोन पानांनी बंद होते. कठड्याला गच्चीच्या फरशीपासून दोन-तीन इंच वर एक-दोन जादा भोकं ठेवा, म्हणजे तोट्या तुंबल्या तरी पाणी बाहेर पडेल. गच्चीवर चार इंच पाणी साचलं तर हजार चौरस फुटांवर नऊ टनांहून जास्त भार होतो. जुन्या पोळींतल्या (शहरातल्या दाट गल्लीवस्त्यांतल्या), वाड्यांतल्या लाकडी कडीपाटाच्या माडीला हे सोसत नाही.

पत्र्यांना वारा खालून उचलतो आणि सुरुवात नेहमी कडेपासून, कोपऱ्यापासून होते. जे-हूक गंजलेले असतील तर बदला. रबरी वॉशरचे सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू चांगले. कडेच्या ओळीत पत्र्याच्या प्रत्येक वळीवर एक, मधे एकाआड एक. पत्रा आधाराच्या बाहेर नऊ इंच ते एक फुटापेक्षा जास्त काढू नका. उन्हासाठी बांधलेली हिरवी जाळी मेच्या तिसऱ्या आठवड्यात उतरवा. वाऱ्यात तिचं शीड होतं आणि ती पाईपसकट उखडते. कठड्यावरच्या कुंड्या खाली घ्या. सोलर पॅनलचे क्लँप आणि पायाचे नट पान्याने तपासा.

झाडं

गुलमोहर, पीतमोहर, निलगिरी, सप्तपर्णी आणि सुबाभूळ या झाडांच्या फांद्या वादळात आधी मोडतात. कडुलिंब आणि चिंच त्या मानाने चिवट. बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक किंवा सिमेंट गळ्यापर्यंत आलं असेल तर निदान तीन फूट चौरस जागा मोकळी करा. बडोद्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. मुळं वरच्यावर राहिलेलं झाड त्यात हलकेच सुटतं. धोक्याच्या खुणा बघा: एका बाजूला जमीन उचललेली, बुंध्याशी अळंबी, दोन जाड फांद्यांच्या बेचक्यात उभी चीर.

छाटणी एप्रिल-मेमध्ये. शेंडा सरसकट उडवू नका. तिथून फुटणाऱ्या नव्या फांद्या वरवरच्या असतात आणि दोन वर्षांनी त्याच कोसळतात. आतल्या गर्दीतल्या, घराकडे आणि तारांकडे झुकलेल्या फांद्या काढा. जाड फांदी तीन कापांत काढायची. पहिला काप बुंध्यापासून फूटभर दूर, खालून, एक-तृतीयांश खोल. दुसरा त्याच्या इंच-दोन इंच बाहेर, वरून. फांदी इथे सुटते. उरलेला खुंट बुंध्याजवळच्या फुगीर वलयाच्या बाहेर, वलयाला धक्का न लावता कापा. पहिला काप टाळला तर फांदी पडताना बुंध्याची साल हातभर सोलून नेते आणि तिथून कीड लागते. अख्खं झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते. विजेच्या तारेला टेकलेली फांदी स्वतः कधीही कापू नका.

अंगण, साप आणि मगर

विश्वामित्रीत शहराच्या मधोमध मगरी राहतात आणि पुरात त्या सोसायट्यांत येतात. यात त्यांचा दोष नाही, पण तयारी आपल्याला करायची आहे. नदीजवळच्या भागात फाटकाखालची फट चार इंचांपेक्षा जास्त ठेवू नका, खाली आडवे गज लावा. कुत्रा अंगणात बांधून ठेवू नका, पाणी चढायच्या आधी वर न्या. गढूळ पाण्यात चालणं टाळाच. चालावंच लागलं तर लांब काठीने पुढे चाचपत जा. पाणी उतरल्यावर गाडीखाली, जिन्याखाली, पंपाच्या खोलीत, टाकीमागे आधी दुरून बॅटरीचा झोत टाका. मगर दिसली तर तिची बाहेर पडायची वाट अडवू नका, दगड मारू नका, मुलांना आत घ्या आणि वन विभागाला कळवा. ती कायद्याने संरक्षित आहे.

सापांचा त्रास त्याहून जास्त होतो. नाग, मण्यार, घोणस कोरड्या जागेच्या शोधात बुटात, कपड्यांच्या ढिगात, लाकडाच्या भाऱ्यात शिरतात. लाकूड, विटा, जुने टायर जूनआधी अंगणातून हलवा. चावा झालाच तर तिथे कापू नका, घट्ट आवळू नका. हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि थेट सयाजी हॉस्पिटल गाठा.

शेवटचे काही तास

बातम्यांतले दोन आकडे पाळायचे: आजव्याची पातळी आणि काळा घोडा पुलाजवळची नदी. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या काळात आजव्याचे दरवाजे २११ फुटांवर ठेवतात. पातळी त्यावर गेली, पावागड-हालोलकडे पाऊस चालू आहे आणि नदी १५ फुटांच्या वर आहे, तर रात्र असली तरी कामाला लागा. आधी गाडी उंच जागी. मग म्हातारी माणसं आणि रोजची औषधं वर. मग बॅटरी, कागदपत्रं, धान्य. शेवटी सिलिंडर, मोरीची बुचं, दाराची फळी. गणपतीच्या दिवसांत मखर आणि सजावटीचं सामान तळमजल्यावर पडलेलं असतं, त्याची जागाही आधी ठरवून ठेवा. पाणी उंबऱ्याला लागायच्या आधी तळमजल्याची वीज बंद झालेली असली पाहिजे. डायलिसिसचे किंवा ऑक्सिजनवरचे रुग्ण, दिवस भरत आलेली गरोदर बाई घरात असेल तर नदी २० फुटांवर असतानाच नातेवाइकांकडे हलवा. नंतर बोटीची वाट बघावी लागते.

पाणी उतरल्यावर

गाळ ओला असतानाच काढा, वाळला की सिमेंटसारखा धरतो. आधी सगळ्याचे फोटो काढा, विम्याला आणि पंचनाम्याला लागतात. पाण्यात गेलेली गाडी चालू करून बघू नका. इंजिनात पाणी असेल तर चावी फिरवताक्षणी कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून टो करून न्या. भिजलेले एमसीबी आणि प्लग पॉइंट बाहेरून कोरडे दिसले तरी आत गाळ असतो. इलेक्ट्रिशियनने इन्सुलेशन तपासल्याशिवाय मेन चढवू नका.

भूमिगत टाकीत पुराचं पाणी गेलं असेल तर ती पूर्ण उपसा, घासा, धुवा. मग भरून हजार लिटरला १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, गाळ बसल्यावर वरचं पाणी टाकीत ओता. नळ उघडून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाईपमध्येही ते पाणी घ्या. चोवीस तास ठेवून सगळं सोडून द्या. त्यानंतर भरलेल्या पाण्याला हजार लिटरला चार-पाच ग्रॅम पुरतात, तरी पहिले काही दिवस पिण्याचं पाणी उकळूनच घ्या. टाकीत उतरायची वेळ आली तर झाकण काही तास उघडं ठेवा, माणूस एकटा उतरू देऊ नका. कुबट हवेत चक्कर येऊन माणूस पडतो आणि त्याला काढायला गेलेलाही पडतो. पायाला जखम असताना गाळात उतरलात आणि नंतरच्या दोन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर डॉक्टरांना गाळात उतरल्याचं आवर्जून सांगा. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाची) शंका त्यावरून येते आणि औषध वेळेवर सुरू होतं.

भिंतींचा गिलावा लगेच रंगवू नका. खालचे तीन-चार फूट खरवडून दोन-तीन महिने सुकू द्या, नाहीतर दिवाळीला लावलेला रंग होळीआधी पापुद्र्यांनी गळतो. आणि रंगवायच्या आधी या वेळच्या पाण्याची खूण लेव्हल नळीने पुन्हा मोजा. ती जुन्या रेघेच्या वर असेल तर बोर्ड, मीटर आणि बॅटरी नव्या मापाने वर घ्या.